हवामान बदलावरील राज्य सरकारचे काम आपल्या गावापर्यंत कसे आणावे

हवामान बदलाबाबत राज्य सरकार नेमके काय करते, हे शोधायला निघालेला माणूस बहुधा राज्याच्या कृती आराखड्यापाशी पोहोचतो, त्यातील नकाशे आणि तक्ते चाळतो आणि आपल्या तालुक्याचे नाव कुठेतरी 'अतिसंवेदनशील' रकान्यात पाहून तिथेच थांबतो. आराखडा वाचणे आवश्यकच आहे, पण केवळ आराखड्यावर कोणतेही काम उभे राहत नाही. काम उभे राहते ते शासन निर्णयावर, त्या निर्णयात दिलेल्या लेखाशीर्षावर (अर्थसंकल्पात खर्च ज्या सांकेतिक क्रमांकाखाली दाखवतात त्यावर) आणि त्याची अंमलबजावणी करण्याची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्यावर. या तीन गोष्टी शोधून आपल्या ग्रामसभेच्या ठरावाशी कशा जोडाव्यात, हे या मार्गदर्शिकेत सांगितले आहे. ग्रामपंचायत सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी, शेतकरी गट, शिक्षक आणि स्थानिक पत्रकार यांना ती प्रामुख्याने उपयोगी पडावी.

हे काम राज्याकडेच का मागायचे, याचे उत्तर संविधानात आहे. पाणी, शेती, जमीन, सार्वजनिक आरोग्य आणि स्थानिक स्वराज्य संस्था हे विषय सातव्या अनुसूचीतील राज्य सूचीत येतात. वीज समवर्ती सूचीत आहे आणि वनेही १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनंतर त्याच सूचीत गेली आहेत. देशाची उद्दिष्टे केंद्र सरकार जाहीर करते, परंतु विहिरीचा उपसा, पिकाची निवड, दवाखान्यातील उष्माघात कक्ष आणि नाल्यावरचा बंधारा हे सगळे राज्याच्या खात्यांच्या हातात असते. केंद्राने ३० जून २००८ रोजी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि त्यानंतर राज्यांनी आपापले आराखडे तयार करावेत असे ठरले. महाराष्ट्रासाठी टेरी या संस्थेने केलेल्या अभ्यासाचा अहवाल २०१४ मध्ये आला आणि २०१७ मध्ये राज्याने वातावरणीय बदलाबाबतचे धोरण स्वीकारले. पुढे पर्यावरण विभागाच्या नावात 'वातावरणीय बदल' हे शब्द आले आणि २ ऑक्टोबर २०२० पासून पर्यावरणाच्या कामाला गुण देणारे माझी वसुंधरा अभियान सुरू झाले.

आधी आपला धोका ठरवावा

योजनांची यादी घेऊन सुरुवात करू नये. आपल्या गावाला कशाचा त्रास आहे, हे आधी कागदावर उतरवावे. मराठवाड्यातील गावाला पावसातील खंड आणि आटणाऱ्या विहिरी छळतात, विदर्भातील गावाला एप्रिल-मे महिन्यांतील ऊन, कोकणातील गावाला दरड आणि उधाण, तर नाशिककडील द्राक्षबागायतदाराला अवकाळी पाऊस आणि गारपीट. राज्याची योजना सर्वांसाठी एकाच मसुद्यात येत असली, तरी तिच्यातील कोणते कलम आपण मागायचे हे या नोंदीवरूनच ठरते.

पावसाच्या नोंदी कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर महसूल मंडळनिहाय मिळतात. आपल्या मंडळाचे मागील दहा वर्षांचे आकडे उतरवून घ्यावेत आणि वर्षाचा एकूण पाऊस, पावसाचे दिवस, सर्वांत मोठा खंड आणि एका दिवसातील सर्वाधिक पाऊस असे चार रकाने करावेत. एकूण पाऊस फारसा बदललेला नसतानाही पावसाचे दिवस घटल्याचे आणि खंड लांबल्याचे अनेक ठिकाणी दिसते. ज्या गावात असे दिसेल, तिथे नुसते वृक्षारोपण मागण्यापेक्षा पहिल्या खंडात पिकाला एक संरक्षित पाणी देता येईल अशी सोय मागणे जास्त शहाणपणाचे ठरते. मंडळाचे पर्जन्यमापक यंत्र गावापासून बरेच लांब असू शकते, म्हणून शाळेत एक साधे पर्जन्यमापक ठेवून रोज सकाळी साडेआठला नोंद घ्यावी. नुकसानभरपाईसाठी ही नोंद ग्राह्य धरली जाणार नाही, कारण तिथे मंडळाचाच आकडा चालतो. पण गावाचे नियोजन स्वतःच्या आकड्यावर करता येते, आणि दोन्ही आकड्यांत सातत्याने तफावत दिसू लागली तर तहसीलदारांकडे केलेल्या अर्जाला वजन येते.

हरितगृह वायूंचे उत्सर्जन कमी करण्याची कामे आणि बदललेल्या हवामानाशी जुळवून घेण्याची कामे यांतील फरक इथेच लक्षात घ्यावा, कारण दोन्हींच्या पैशाच्या वाटा वेगळ्या आहेत. सौर वीज, विजेवरची वाहने किंवा कचऱ्यापासून बायोगॅस यांत खर्चाची परतफेड दिसते. त्यामुळे तिथे वीज कंपन्या, बँका आणि खासगी विकासकही पुढे येतात. विहीर पुनर्भरण, दरडग्रस्त वाडीचे पुनर्वसन किंवा शाळेच्या पत्र्याखालील उकाडा यांतून कोणालाही महसूल मिळत नाही. म्हणून ही दुसरी कामे मागे पडतात, आणि गावाने आपली ताकद प्रामुख्याने तिथेच लावावी असे माझे मत आहे.

शासन निर्णय कसा वाचावा

राज्य शासनाच्या संकेतस्थळावर शासन निर्णयांचा वेगळा विभाग आहे, आणि तिथे विभागाचे नाव, कालावधी व विषयातील शब्द टाकून शोध घेता येतो. केवळ पर्यावरण व वातावरणीय बदल विभागात शोधणे पुरेसे नाही. पाण्याचे निर्णय मृद व जलसंधारण विभागात असतात, पंपांचे ऊर्जा विभागात, उष्म्याचे मदत व पुनर्वसन आणि सार्वजनिक आरोग्य या विभागांत, पिकांचे कृषी विभागात. त्यांपैकी अनेक निर्णयांच्या विषयात 'हवामान' हा शब्दही नसतो.

निर्णय हाती आला की प्रस्तावना सोडून आधी त्याचा शेवट पाहावा. शेवटच्या पानावर साधारणपणे तीन गोष्टी आढळतात. पहिली, वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भ क्रमांकाचा उल्लेख करून त्या विभागाच्या सहमतीने हा निर्णय निर्गमित होत आहे, असे वाक्य. पैशाची तरतूद करणाऱ्या निर्णयात हे वाक्य नसेल, तर निधी दुसऱ्या एखाद्या निर्णयातून यायचा आहे असे समजावे आणि तो निर्णय शोधावा. दुसरी, खर्च कोणत्या मागणी क्रमांकाखाली व कोणत्या लेखाशीर्षाखाली भागवायचा याची ओळ. अर्थसंकल्पाच्या पुस्तकांत तरतूद शोधताना हेच लेखाशीर्ष उपयोगी पडते. तिसरी, 'प्रत' या शीर्षकाखालील यादी. प्रत जिल्हाधिकाऱ्यांना गेली आहे की मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना, जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांना की जिल्हा जलसंधारण अधिकाऱ्यांना, यावरून आपला अर्ज कोणाच्या टेबलावर पोहोचला पाहिजे ते कळते. निर्णयाचा संगणक संकेतांक, म्हणजे त्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, वहीत उतरवून ठेवावा, म्हणजे कार्यालयात 'असा काही जीआर आमच्याकडे आलेला नाही' असे उत्तर मिळाले तर तो तिथल्या तिथे उघडून दाखवता येतो.

'वाचा' या शीर्षकाखाली आधीच्या निर्णयांची मालिका असते. ती मागे मागे वाचत गेल्यास योजना किती वेळा बदलली, मुदतवाढ कितीदा मिळाली आणि कोणती अट मधेच गळली हे दिसते. हे काम कंटाळवाणे आहे खरे, पण एखाद्या जाणकाराने एका दुपारी केले तर गावाचे वर्षभराचे हेलपाटे वाचतात. शुद्धिपत्रके पाहण्यास विसरू नये. पात्रतेची अट पुष्कळदा त्यातच दुरुस्त झालेली असते.

पाण्याचा ताळेबंद

जुळवून घेण्याच्या कामांत ताळेबंद, म्हणजे गावाला मिळणाऱ्या आणि लागणाऱ्या पाण्याचा हिशेब, सर्वांत आधी करावा, कारण जलयुक्त शिवार, अटल भूजल किंवा कृषी संजीवनी यांपैकी कोणत्याही योजनेत गाव असो वा नसो, त्याचा आधार सगळीकडे लागतो. जलयुक्त शिवार अभियान डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झाले आणि पुढे त्याचा दुसरा टप्पा आला. केंद्राच्या अटल भूजल योजनेत महाराष्ट्रातील १३ जिल्हे होते. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेला नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प पहिल्या टप्प्यात मराठवाडा, विदर्भ व जळगाव अशा १५ जिल्ह्यांत आणि पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात राबवला गेला. दुसरा टप्पा २१ जिल्ह्यांसाठी आहे. प्रत्येकाचे नमुने वेगळे असले, तरी गणित तेच आहे.

ते गणित असे करावे. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी. गावाचे क्षेत्र १,००० हेक्टर आणि पाऊस ६०० मिलिमीटर धरला, तर आकाशातून ६० लाख घनमीटर पाणी पडले. कठीण बेसॉल्टच्या प्रदेशात त्यातील ढोबळमानाने दहावा हिस्सा भूजलात मुरतो असे मानले, तर विहिरींच्या वाट्याला ६ लाख घनमीटर येते. आता खर्चाची बाजू. जलजीवन मिशनच्या माणशी रोज ५५ लिटर या प्रमाणाने २,००० लोकवस्तीला वर्षाला सुमारे ४०,००० घनमीटर पाणी लागते. पाचशे मोठी जनावरे असतील आणि प्रत्येकी ५० लिटर धरले, तर आणखी सुमारे ९,००० घनमीटर. म्हणजे माणसे आणि जनावरे मिळून मुरलेल्या पाण्याच्या दहाव्या हिश्श्यालाही पोहोचत नाहीत. टँकर मात्र लागतो तो त्यांच्यासाठीच.

उरलेले पाणी पिकांकडे जाते. उसाला वर्षाला सुमारे २,००० मिलिमीटर पाणी लागते असे धरून त्यातील ५०० मिलिमीटर पावसाने भागवले असे मानले, तरी हेक्टरी १५,००० घनमीटर पाणी द्यावे लागते. या हिशेबाने ४० हेक्टर ऊस १,००० हेक्टरच्या गावाचे सगळे मुरलेले पाणी पिऊन टाकतो, आणि तीन हेक्टरहून कमी उसाच्या पाण्यात सबंध गाव वर्षभर पिऊ शकते. हरभऱ्याला ३०० मिलिमीटर धरले, तर एका हेक्टर उसाच्या पाण्यात पाच हेक्टर हरभरा निघतो. हे आकडे प्रत्येक गावात जमिनीच्या प्रकाराप्रमाणे, कालव्याच्या पाण्याप्रमाणे आणि ठिबकच्या वापराप्रमाणे बदलतील. तालुक्यातील सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे भूवैज्ञानिक ते दुरुस्त करून देऊ शकतात. पण पहिला कच्चा ताळेबंद गावानेच मांडावा, म्हणजे अधिकाऱ्याशी होणारी चर्चा आकड्यांवर होते.

विहिरींची पातळी मोजताना काळजी घ्यावी. भूजल यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. गावाने आठ-दहा विहिरी निवडून दरमहा मोजाव्यात. कठड्यावर रंगाने एक खूण करावी आणि दर वेळी त्याच खुणेपासून मोजावे. मोजमाप सकाळी, पंप सुरू होण्यापूर्वी घ्यावे, कारण उपशानंतरची पातळी त्या दिवसाच्या विजेचे वेळापत्रक सांगते, भूजलाची स्थिती सांगत नाही. नोंदवहीवर विहिरीच्या मालकाचे नाव न लिहिता क्रमांक लिहिला, तर कोणाच्या विहिरीला किती पाणी यावरून गावात वाद होत नाहीत.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने हा ताळेबंद ग्रामसभेत मांडण्याची आणि त्यावरून पिके ठरवण्याची पद्धत अनेक वर्षे पाळली आहे. सिंचनासाठी कूपनलिका न घेण्याचा निर्णयही त्या गावाने घेतला. ज्या गावात असे एकमत होणे कठीण आहे, तिथेही कायद्याचा एक आधार आहे. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर राज्यात १९९३ च्या कायद्यापासून निर्बंध आहेत, आणि पुढे भूजलाच्या विकास व व्यवस्थापनासाठी २००९ चा कायदा झाला. सार्वजनिक विहिरीभोवती ५०० मीटरचे वर्तुळ गावनकाशावर काढून तो ग्रामपंचायतीच्या फलकावर लावणे, एवढ्यानेही अनेक वाद आधीच टळतात.

वीज आणि सौर प्रकल्प

राज्याच्या वीजनिर्मितीत कोळशाचा वाटा अजूनही मोठा आहे. एकट्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. शेतीपंपांची वीज सौर ऊर्जेवर आणणे हा म्हणूनच राज्याच्या उत्सर्जन कपातीचा गावाशी सर्वांत थेट जोडलेला भाग आहे. यात दोन वाटा आहेत आणि त्यांची गल्लत करू नये.

पहिली वाट मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची. २०१७ मध्ये सुरू झालेल्या आणि २०२३ मध्ये दुसऱ्या आवृत्तीत आलेल्या या योजनेत उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून त्या उपकेंद्रावरील कृषी वाहिनी, म्हणजे शेतीपंपांना वीज देणारी लाइन, दिवसा चालवली जाते. शेतकऱ्याला वेगळा पंप घ्यावा लागत नाही. जमीन भाड्याने दिल्यास वर्षाला हेक्टरी १ लाख २५ हजार रुपये आणि त्यावर दरवर्षी ३ टक्के वाढ असा दर दुसऱ्या आवृत्तीत ठरवलेला आहे, आणि प्रकल्प असलेल्या ग्रामपंचायतीला दरवर्षी ५ लाख याप्रमाणे तीन वर्षे अनुदानाची तरतूद आहे. गायरानाची जागा सुचवण्यापूर्वी तिथे गुरे चरतात का, तिथून पायवाट किंवा ओढा जातो का आणि कोणाचे जुने अतिक्रमण आहे का, हे ग्रामसभेत मोकळेपणाने ठरवून घ्यावे. एका मेगावॅटला साधारण चार ते पाच एकर जागा लागते. भाड्याच्या आकड्याकडे पाहून चराई गमावलेल्या कुटुंबांचा प्रश्न नंतर प्रकल्पालाच अडवतो. अनुदान कोणत्या कामावर खर्च करायचे हेही त्याच सभेत नोंदवावे, आणि त्यातील काही हिस्सा चारा विकासासाठी ठेवावा अशी माझी शिफारस राहील.

दुसरी वाट मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेची. इथे पंप वैयक्तिक असतो. सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला ५ टक्के हिस्सा भरावा लागतो. अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्याहून अधिक जमिनीला ७.५ अश्वशक्तीचा पंप मिळतो. अर्ज करताना सातबारावर विहिरीची नोंद आहे का, सामाईक खातेदारांची संमती आहे का आणि पाण्याची खोली पंपाच्या क्षमतेत बसते का, या तीन गोष्टी तपासाव्यात.

एक इशारा मात्र द्यायला हवा. सौर पंपाच्या विजेला बिल नसते, त्यामुळे दिवसभर पंप सुरू ठेवण्याचा मोह होतो, आणि उत्सर्जन कमी करणारी योजना भूजल मात्र खाली नेऊ शकते. म्हणून पंपांची मागणी आणि पाण्याचा ताळेबंद या दोन्ही गोष्टी एकाच ग्रामसभेत चर्चेला घ्याव्यात. ताळेबंद तुटीचा असेल, तर सौर पंपासोबत ठिबकची अट गावाने स्वतःहून घालून घेणे उत्तम.

ऊन, दरड आणि पंचनामा

हवामान विभागाच्या निकषाप्रमाणे मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश आणि किनारपट्टीवर किमान ३७ अंश सेल्सिअस झालेले असताना ते सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी किंवा अधिक चढले, की उष्णतेची लाट मानली जाते. सरासरी काहीही असो, ४५ अंशांवरही लाट जाहीर होते. देशातील पहिली उष्णता कृती योजना अहमदाबादने २०१३ मध्ये केली. आपल्या जिल्ह्याच्या योजनेची प्रत जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे मागावी आणि त्यात आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे नाव शोधावे. तिथे उष्माघातासाठी खाट राखीव आहे का, बर्फ व सलाइन कोणाकडून येणार, वीज गेल्यास पंखा कशावर चालणार आणि रोजगार हमीच्या कामांची वेळ बदलण्याचा अधिकार कोणाला दिला आहे, हे प्रश्न फेब्रुवारीतच लेखी विचारावेत. एप्रिलमध्ये विचारून उपयोग नसतो.

दरडीच्या धोक्याच्या बाबतीत सरकारी यादीवर विसंबू नये. महाड तालुक्यातील तळिये येथे २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळली, आणि त्याच दिवसांत महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेलेली खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी तर धोकादायक गावांच्या यादीतच नव्हती. डोंगरउतारावर नव्या भेगा, झुकलेली झाडे, अचानक गढूळ झालेले किंवा बंद पडलेले झरे दिसले, की छायाचित्रांसह तहसीलदारांना लेखी कळवावे, पोच घ्यावी आणि भूवैज्ञानिक तपासणीची मागणी करावी.

आपत्तीपूर्वीच्या कामांसाठीही पैसा असतो, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्य आपत्ती निधीचे दोन भाग केले आणि २० टक्के रक्कम सौम्यीकरणासाठी, म्हणजे आपत्तीची तीव्रता आधीच कमी करणाऱ्या कामांसाठी, वेगळी ठेवली. दरडप्रतिबंधक भिंत किंवा वीजरोधक यंत्रणा अशा कामांचे प्रस्ताव जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत या वाटेने जाऊ शकतात.

नुकसान झाल्यावरची वाट वेगळी आहे. केंद्राच्या यादीत चक्रीवादळ, दुष्काळ, पूर, गारपीट, दरड अशा १२ आपत्ती आहेत, आणि राज्य स्वतःची आपत्ती जाहीर करून वार्षिक निधीच्या १० टक्क्यांपर्यंत रक्कम तिच्यासाठी वापरू शकते. महाराष्ट्राने अवेळी पाऊस, वीज पडणे आणि समुद्राचे उधाण यांना अशा प्रकारे स्थान दिले आहे. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस ही अतिवृष्टीची कसोटी असून पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा अधिक असावे लागते. २०२२-२६ च्या केंद्रीय निकषांत कोरडवाहू पिकांना हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, असे दर होते. राज्य सरकार दर किंवा क्षेत्रमर्यादा वेळोवेळी वाढवते, म्हणून चालू हंगामाचा शासन निर्णय पाहूनच आकडा सांगावा. पंचनाम्यात गट क्रमांक, पिकाचे नाव आणि बाधित क्षेत्र बरोबर लिहिले आहे का, हे सही करण्यापूर्वी वाचावे. ई-पीक पाहणीत (मोबाइलवरून केलेल्या पिकाच्या सरकारी नोंदीत) सोयाबीन आणि पंचनाम्यात कापूस असेल, तर पुढचे सगळे अडते.

शहरात आणि किनाऱ्यावर

शहरांचे काम तुलनेने सोपे आहे, कारण कागदपत्रे हाताशी असतात. मुंबईचा वातावरण कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये जाहीर झाला आणि त्यात २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट आहे. ऊर्जा व इमारती, वाहतूक, कचरा, हरित क्षेत्र, हवेची गुणवत्ता आणि पूर व जलव्यवस्थापन असे त्याचे सहा भाग आहेत. आपल्या प्रभागाचा प्रश्न यांपैकी कोणत्या भागात बसतो ते ठरवून त्या भागासमोर महापालिकेच्या अर्थसंकल्पात किती रक्कम आहे, हे विचारावे. किनाऱ्यावर कांदळवनांचे रक्षण हे जुळवून घेण्याचे सर्वांत स्वस्त साधन आहे. राज्याने २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने कांदळवनांच्या भोवतालच्या ५० मीटर पट्ट्यालाही संरक्षण आहे. भराव दिसला तर छायाचित्र, स्थान आणि तारीख यांसह तक्रार कक्षाकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे एकाच वेळी करावी.

ठराव, आराखडा आणि पाठपुरावा

वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे बंधनकारक आहे. त्यांपैकी २ ऑक्टोबरची सभा या कामासाठी सर्वांत महत्त्वाची आहे, कारण पावसाळ्याचे आकडे तोवर हाती आलेले असतात आणि पुढील वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्याची तयारी त्याच सुमारास सुरू होते. विषयपत्रिकेत विषय स्वतंत्रपणे यावा यासाठी सरपंचांकडे आधीच लेखी मागणी करावी. आयत्या वेळच्या विषयांत तो घुसवू नये. गणपूर्तीसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असलेली संख्या लागते.

ठरावाची भाषा मोघम ठेवू नये. 'गाव पर्यावरणपूरक करण्यात यावे' अशा ठरावावर कोणताही अधिकारी काही करू शकत नाही. त्याऐवजी असे लिहावे: 'गावाच्या पाण्याचा सन ....चा ताळेबंद ग्रामसभेत वाचून मंजूर करण्यात आला. त्यानुसार ..... घनमीटर पाणी पिण्यासाठी राखीव ठेवणे आवश्यक आहे. त्याकरिता सार्वजनिक विहीर क्रमांक .... च्या वरच्या बाजूस गट क्रमांक .... मध्ये पुनर्भरणाचे काम शासन निर्णय दिनांक ...., संकेतांक .... अन्वये प्रस्तावित असून, सदर प्रस्ताव जिल्हा जलसंधारण अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांत सादर करण्याची जबाबदारी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांवर राहील.' सूचक आणि अनुमोदक यांची नावे इतिवृत्तात यावीत, आणि ठरावाची प्रमाणित प्रत त्याच आठवड्यात घ्यावी.

हेच काम विकास आराखड्यात जलसमृद्ध गाव किंवा स्वच्छ आणि हरित गाव या संकल्पनेखाली घालावे. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानात ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेसाठी बंधित होती. त्यामुळे पुनर्भरण आणि सांडपाण्याची कामे त्या हिश्श्यातून घेण्याची सवय बहुतेक ग्रामपंचायतींना आहे. गावाच्या आवाक्याबाहेरचे काम जिल्हा वार्षिक योजनेत न्यावे लागते. पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समिती तिचा प्रारूप आराखडा मंजूर करते आणि राज्याचा अर्थसंकल्प मार्चमध्ये येतो. म्हणून डिसेंबरच्या आत प्रस्ताव संबंधित खात्याच्या जिल्हा कार्यालयात नोंदलेला असावा. मार्चअखेरीस निधी शिल्लक राहिल्यावर तयार प्रस्तावांना प्राधान्य मिळते, हेही ध्यानात ठेवावे. अंदाजपत्रक, जागेचा सातबारा आणि ठराव जोडलेली फाइल अशा वेळी पुढे सरकते.

माझी वसुंधरा अभियानात भूमी, वायू, जल, अग्नी आणि आकाश या पंचमहाभूतांवर आधारित गुण मिळतात, आणि पुराव्यादाखल छायाचित्रे व कागदपत्रे संकेतस्थळावर चढवावी लागतात. गुणांसाठी रोपे लावणे सोपे आणि जुना पाझर तलाव दुरुस्त करणे अवघड, त्यामुळे गावे पहिल्या कामाकडे झुकतात. अभियानात जरूर भाग घ्यावा, पण आधी ताळेबंदातून निघालेली कामे ठरवून मग त्यांना कोणते गुण मिळतात ते पाहावे.

उत्तर येत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. शुल्क १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस आहे. 'हवामान बदलाबाबत काय केले' असे विचारल्यास 'माहिती या स्वरूपात उपलब्ध नाही' असे उत्तर ठरलेले आहे. त्याऐवजी अमुक संकेतांकाच्या शासन निर्णयान्वये अमुक लेखाशीर्षाखाली आपल्या तालुक्याला मागील दोन आर्थिक वर्षांत किती निधी वितरित झाला, किती खर्च झाला, कामांची गावनिहाय यादी आणि मोजमाप पुस्तिकेच्या संबंधित पानांच्या प्रती, एवढेच मागावे. यादीत आपल्या गावाचे काम पूर्ण झालेले दाखवले असेल, तर ती यादी घेऊन दोन-चार ग्रामस्थांसह प्रत्यक्ष जागेवर जावे, बंधाऱ्याची लांबी-उंची टेपने मोजून मोजमाप पुस्तिकेतील आकड्यांशी ताडून पाहावी आणि तफावत आढळल्यास तो तक्ता पुढील ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर ठेवावा.